डोंगराच्या दोन बाजूंचं शेण

चवेले, केनिया
ता. ९ एप्रिल १९९६

ती. सौ. नालियाकाताईस,
धाकट्या खाएम्बाचा सा. न. वि. वि.

बाटल्या आल्या! तुझ्या नांदुटूने कंपालाहून पाठवलेलं खोकं काल केळीच्या ट्रकमधून उतरलं आणि माझ्या अंगणात अख्खी वस्ती गोळा झाली. कुणाला वाटलं लस आली, कुणाला वाटलं दारू. मी सगळ्यांना ऐकवलं, माझी भाची विद्यापीठात मोठी परीक्षा देते आहे आणि तिला आपल्या गोठ्यातलं शेण नि मूत हवंय. त्यावर शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं की कंपालात गायी मुतत नाहीत का. तुझी भावजय नाबविले तेव्हापासून हसते आहे, अजून थांबलेली नाही.

तुला पोरीने समजावलं असेलच, पण जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली मी जन्म काढलाय, त्यामुळे पुन्हा सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. पिकाला गर्द हिरवी काळोखी येते ती नत्रामुळे. हे नत्र शेणापेक्षा मुतात जास्त असतं, आणि गोठ्यात शिरल्यावर आपले डोळे झोंबतात ना, ते नत्रच हवेत उडत असतं. उरलेलं पावसात वाहून जातं. मासाबा डोंगराच्या या बाजूला, केनियात, किती जातं आणि तुमच्या युगांडात किती जातं, एवढंच तिला मोजायचंय. दर मंगळवारी, दूध काढून झाल्यावर, दोन्हीकडचा ताजा नमुना बाटलीत भरून तिच्याकडे पाठवायचा. तीन महिन्यांनी उकिरड्यातलं खत तपासायचं. ताज्यात होतं किती आणि खतात उरलं किती, मधला फरक म्हणजे गेलं ते.

डिसेंबरात परीक्षक बसणार आहेत. त्यांनी हे काम मान्य केलं तर तिची पदवी झाली, आणि विद्यापीठात शिकवायची जागाही तिच्यासाठी धरून ठेवलेली आहे. नाही केलं तर दोन्ही गेलं. म्हणून तुला हात जोडून सांगतो, तुझ्याकडून आळस नको.

बाकी निकाल काय लागणार ते मी आजच सांगतो. माझ्या गोठ्याला सिमेंटची जमीन, वर पत्रा. तुमचं शेण केळीखाली उघड्यावर पडलेलं. युगांडा हरणार, ताई. मनाची तयारी ठेव.

दाजींना माझा नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा,
खाएम्बा


बुबुलो, युगांडा
ता. २ मे १९९६

चि. खाएम्बास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इथे सगळ्यांची करमणूक झाली. सिमेंटचं कौतुक पुरे. अरे, सिमेंटवरचं मूत कुठे जातं? घसरून गटारात! मी गायीखाली वाळलेली केळीची पानं अंथरते, ती सगळं पिऊन घेतात. तुझ्या दाजींनी तर पैज लावायची म्हणून कोंबडा बाजूला काढून ठेवलाय. तू हरलास की तो आम्ही खाणार आणि जिंकलास तरी आम्हीच खाणार, कारण तू इतक्या लांब येणार नाहीस.

बाटल्यांचं काम माझ्याकडे नाही. त्यात नत्र उडू नये म्हणून आम्ल घालायचं असतं, चुकून थेंब उडाला तर कातडी जळते. ते जावई करतात. नांदुटूने वामिंबीला सगळं शिकवून ठेवलंय, आणि तो इथल्याच शाळेत मास्तर असल्याने मंगळवारी येऊ शकतो. फक्त आमची पंचाईत तुला माहीत आहे. सासूने जावयाचं तोंड पाहायचं नाही, एका अंगणात उभं राहायचं नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, मी अजून त्याचा चेहरा पाहिलेला नाही. रस्त्यात समोरून आला तर तो झुडपात शिरतो आणि मी ओढणी तोंडावर घेऊन पाठ करते. मग आम्ही एक युक्ती काढली. मी दूध काढते, गवत कापते, गोठा आवरते, पोरांना जेवायला घालते आणि शेतावर निघताना फाटकाला पिवळं फडकं बांधते. फडकं दिसलं की तो आत येतो. त्याची शीळ मात्र मला खालच्या शेतापर्यंत ऐकू येते. बरी वाजवतो.

लाल गाय माझ्याशिवाय कुणाला आचळाला हात लावू देत नाही, नाहीतर एखादा दिवस मीच माहेरी आले असते. नाबविलेला सांग, तुझ्या नवऱ्याला हसणं कमी करू नकोस.

तुम्हा सर्वांवर जीव आहेच, तो कळवायला पत्र लागत नाही.
तुझी,
ताई


बुबुलो
ता. २८ जुलै १९९६

चि. खाएम्बास,
विजयी ताईचे भरघोस आशीर्वाद!

जिंकलो! कालच नांदुटूची चिठ्ठी आली. आमच्या उकिरड्यातून नत्र जवळजवळ गेलंच नाही. आणि तुझ्या सिमेंटच्या महालातून? निम्मं! निम्मं उडालं रे! मी गावभर सांगून आले. गिर्जात प्रार्थना संपल्यावर उभी राहून सांगितलं, पास्टरांना समजलं नाही पण त्यांनी आमेन म्हटलं. तुझे दाजी कालपासून केनियाकडे तोंड करून आरोळ्या ठोकताहेत. पोरांच्या सुंतेच्या सणाचे, इंबालूचे ढोल सुरू झालेत, पोरं नाचत फिरताहेत, त्या सगळ्या गोंगाटात ह्यांचाच आवाज मोठा.

कोंबडा कापला. बांबूचे कोंब भुईमुगाच्या कुटात शिजवले होते, तुझ्या नावाने एक घास जास्त खाल्ला. हरलेल्या माणसाने पत्राला उशीर लावू नये.

तुझीच,
युगांडाची ताई


कंपाला
ता. २२ ऑगस्ट १९९६

ती. मामांस,
नांदुटूचा सा. न. वि. वि.

आईने तुम्हाला फार चिडवलं असेल, त्याबद्दल मीच माफी मागते. पण आनंद करण्यासारखं काही राहिलेलं नाही, मामा. माझ्या मार्गदर्शक सरांनी दोन्हीकडचे आकडे पाहिले आणि पेन खाली ठेवलं. ते म्हणाले की उघड्यावरच्या उकिरड्यातून इतकं कमी नत्र गेल्याचं त्यांनी आजवर कुठेच पाहिलेलं नाही, आणि डोंगर एक, पाऊस एक, गायी एका जातीच्या, मग सीमेवरची नदी ओलांडली की शेणाचा स्वभाव बदलतो का. पुढे त्यांनी जे विचारलं ते लिहायला हात धजत नाही. नमुने घेणारा माझा नवरा आहे आणि गोठा त्याच्या सासूचा आहे, तेव्हा सासूला खूश करायला त्याने बाटलीत काही कमीजास्त केलं असेल का, असं त्यांनी विचारलं.

वामिंबी तसा नाही. तुम्ही त्याला ओळखता. पण असं परीक्षकांसमोर म्हणून कसं चालेल? कारण सापडलं नाही तर सर माझा प्रबंध डिसेंबरात पुढे पाठवणार नाहीत, असं त्यांनी स्पष्ट सांगितलंय. आईला यातलं काही कळवलेलं नाही. तिच्या आनंदावर विरजण घालवत नाही. तुम्ही तुमचे नमुने चालू ठेवा आणि काही सुचलं तर लगेच लिहा.

मामींना नमस्कार. आशीर्वाद असू द्यावेत, या वेळी ते खरंच लागणार आहेत.
तुमची,
नांदुटू


चवेले
ता. १९ सप्टेंबर १९९६

ती. ताईस,
खाएम्बाचा सा. न. वि. वि.

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस कुठेतरी. मला सापडलं! कालपासून मी जेवलेलो नाही, नाबविले म्हणते की याला ताप भरलाय.

आधी वाईट बातमी, जी पोरीने तुझ्यापासून लपवली. तुमचा विजय तिच्या सरांना खरा वाटत नाही. वामिंबीने खोटेपणा केला असा त्यांना संशय आहे, आणि कारण मिळालं नाही तर तिचा प्रबंध डिसेंबरात पुढे जायचा नाही. आता ओरडू नकोस, पुढे वाच.

या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी माझ्या एका जुन्या मित्राच्या आईला माती द्यायला पहाटेच जावं लागलं. दूध नाबविलेने काढलं. मी दुपार टळताना घरी परतलो आणि तेव्हा बाटली भरली. मनात म्हटलं, आजच तर आहे, काय फरक पडतो. काल नांदुटूची चिठ्ठी आली की मामा, त्या मंगळवारचा तुमचा नमुना आईच्या नमुन्यांसारखाच नत्राने फिका निघाला, काय केलंत? ताई, मी काहीच केलं नव्हतं! उशीर केला होता फक्त!

एरवी मी अंधारातच दूध काढतो आणि लगेच बाटली भरतो. तेव्हा गोठ्यात डोळे उघडवत नाहीत. त्या दिवशी दुपारी गोठा उन्हाने सुकला होता आणि वास मुळी नव्हताच. म्हणजे नत्र सकाळीच उडून गेलं होतं! मग मला तू लिहिलेलं ते पिवळं फडकं आठवलं. तू दूध काढणार, गवत कापणार, पोरांना जेवायला घालणार, मग शेतावर निघणार आणि मग कुठे जावई आत येणार. नांदुटूने आपल्याला दूध काढून झाल्यावर असं सांगितलं होतं आणि वामिंबीने तसंच केलं, पण उन्हं डोक्यावर आल्यावर. त्याच्या बाटलीत ताजं म्हणून जे जातं ते आधीच उडून गेलेलं असतं. आता सुरुवातच कमी धरली तर खतात पुढे कमी गेलं असंच दिसणार! तुमचं शेण शहाणं नाही, ताई. तुमचा जावई लाजाळू आहे.

आता एकच उपाय. पुढचे सगळे मंगळवार दोन्हीकडे पहाटे, दूध काढल्या काढल्या नमुने घ्यायचे. खताचा आकडा आहे तोच राहील, फक्त ताज्याचा बदलेल. मी इथला गोठा सोडून तिकडे येऊ शकत नाही. नांदुटू प्रयोगशाळेतून हलू शकत नाही. तू गोठ्यातून हलू शकत नाहीस, तुझी ती लाल गाय. तेव्हा वामिंबीने पहाटे तुझ्या गोठ्यात यायला हवं, तू तिथे असताना. म्हणजे सासू-जावयाला एकमेकांचं तोंड पाहायची मोकळीक देणारा, मान सोडवण्याचा विधी करून टाकायला हवा. मेंढी माझ्याकडून.

उत्तर उलट टपाली हवं. रागावलीस तरी माया कायम ठेव.
तुझा,
खाएम्बा


बुबुलो
ता. १ ऑक्टोबर १९९६

चि. खाएम्बास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग तुझ्या दाजींवर ओरडले. ते म्हणाले की मी काय केलं. गावभर मिरवून आले, आता कोणत्या तोंडाने सांगू? पण ते जाऊ दे. बढाईचं मला काही वाटत नाही, ती मी पुन्हा मारीन.

दुसरं मात्र सोपं नाही. इथे पहिलं मूल झाल्याखेरीज सासू-जावयाची मान सोडवत नाहीत, तू विसरलास का? थोरल्या जाऊबाईंना मी नुसतं विचारून पाहिलं तर त्यांनी कानांवर हात ठेवले. अवेळी तोंड पाहिलं तर मुलीची कूस उजवत नाही असं म्हणतात, आणि त्यांनी लगेच वरच्या आळीतली एक पोर दाखवली, जिच्या आईने घाई केली होती. अरे, दोन वर्षं झाली तरी नांदुटूला काही नाही. मी रोज रात्री देवाकडे दुसरं काही मागत नाही. मला नातवंड हवंय. तिची पदवीही हवीय. तू मला दोन्हीतलं एक उचलायला सांगतोस आणि वर मेंढीचं आमिष दाखवतोस.

मी नाही म्हणत नाही. हो पण म्हणवत नाही. मी पोरीलाच लिहिलंय, ती म्हणेल ते.

तुझी,
ताई


कंपाला
ता. ११ ऑक्टोबर १९९६

ती. आईस,
नांदुटूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी वसतिगृहाच्या पायरीवर बसून वाचलं आणि तिथेच आनंदाने मामांचं नाव घेऊन ओरडले. कारण सापडलं, आई! सरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. वेळेचा एवढा परिणाम होत असेल तर तो प्रबंधाचा सगळ्यात मोलाचा भाग ठरेल, असं ते म्हणाले. पण पहाटेचे नमुने हातात आल्याशिवाय त्यांचा विश्वास बसणार नाही.

आता जे लिहिते आहे ते बाबांना वाचून दाखवू नकोस. तुझ्या प्रार्थना मला कळतात. पण मूल होत नाही असं नाही, आई. आम्हीच थांबलोय. शिक्षण पुरं होईपर्यंत नको, असं आम्ही दोघांनी दवाखान्यात जाऊन ठरवलंय. तुला सांगायला हवं होतं. धीर झाला नाही, कारण तू काकूंच्या देखत माझं पोट चाचपून बघतेस.

वामिंबीला मी विचारलं की पहाटेचे आकडे अंदाजानेच लिहून टाकायचे का. तो म्हणाला, खोटेपणाचा आळ आल्यावर खोटेपणाच करायचा का? तू म्हणशील तितके दिवस तो फाटकाबाहेर उभा राहील, पण तू बोलावलंस तर पहाटे येईल. मी तुझ्यावर काही लादत नाही. मला एवढंच वाटतं की तू त्याला एकदा बघावंस. तुला आवडेल तो.

तुझी,
नांदुटू


बुबुलो
ता. ६ नोव्हेंबर १९९६

चि. खाएम्बास व सौ. नाबविलेस,
अनेक आशीर्वाद.

झालं! मान सोडवली! जाऊबाई आल्या नाहीत. दोन दिवस बोलल्याही नाहीत. पण तुझे दाजी ठाम राहिले, आणि मीही. पोरीने मला काय लिहिलं ते मी सांगणार नाही, नाबविलेला कानात सांगेन कधीतरी. आजकालच्या मुली! मी तीन दिवस तिच्यावर रागावले होते, चौथ्या दिवशी एकदम हलकं वाटलं.

अंगणाच्या मधोमध दोन बायकांनी चादर धरली. एका बाजूला मी, एका बाजूला तो. तुझी मेंढी ओरडत होती, त्यामुळे आशीर्वादाचे शब्द कुणाला नीट ऐकूच आले नाहीत. चादर खाली आली आणि मी पाहिलं. अरे, केवढासा आहे तो! शीळ ऐकून मला वाटायचं, मोठा धिप्पाड असेल. बारीक, कानांनी मोठा, आणि घामाघूम. त्याने विधीची घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली, ती उलटी. मला हसू आवरेना, मग त्यालाही. एकाच भोपळ्यातून आम्ही आंबील प्यालो.

काल मंगळवार. पहाटे तो कंदील घेऊन आला. मी दूध काढत होते, तो पानांतून नमुने गोळा करत होता. डोळे इतके झोंबले की दोघांनाही दिसेना, आणि लाल गायीने तेवढ्यात त्याला लाथ मारली. मी तिला दटावलं, तर तो म्हणाला की दटावू नका, तिची माझी ओळख नाही अजून. चांगला आहे रे. मला तो फार आवडला.

आता निकालाची वाट पाहणं आलं. झोप लागत नाही. तू तुझ्या बाटल्या नीट भर, आता कुणी मेलं तरी पहाटे घर सोडायचं नाही.

तुमच्या घराला माझ्या जिवाचा ओलावा पुरा पडो.
तुझी,
ताई


बुबुलो
ता. २० डिसेंबर १९९६

चि. खाएम्बास,
ताईचे ओंजळभर आशीर्वाद.

तार मिळाली असेल, तरी पुन्हा लिहिते: आपली नांदुटू पास झाली! पदवी मिळाली, जागाही मिळाली. आता सविस्तर ऐक.

आम्ही तिघं बसने कंपालाला गेलो, मी, तुझे दाजी आणि वामिंबी. मी नवा पायघोळ गोमेसी घातला होता, जांभळा. मोठी खोली होती, मागच्या बाकांवर घरच्यांना बसायची मुभा होती. पोर उभी राहिली आणि तिने दोन्हीकडचे आकडे भिंतीवर दाखवले, आधीचे चुकलेले आणि मग पहाटेचे. चुकलेले लपवले नाहीत. आधीच्या आकड्यांत युगांडा जिंकलेला, पहाटेच्या आकड्यांत दोन्ही देश खांद्याला खांदा लावून. खरं सांगू? माझं तुझ्यापेक्षा मूठभर जास्तच जातं. झालं समाधान? जे उडतं त्यातलं बरंचसं दोन्हीकडे पहिल्या उन्हातच उडतं, असं तिने दाखवलं. म्हणून ओली पानं नि शेण पहाटेच उचलून झाकलं तर दोन्ही देशांतल्या शेतांना काळोखी येईल.

बाहेरून आलेल्या एक परीक्षक बाई होत्या, चष्मा नाकावर. त्यांनी विचारलं की आधीचे नमुने उशिरा का घेतले. नांदुटूने सरळ सांगितलं की माझी आई आणि माझा नवरा एका अंगणात उभे राहू शकत नव्हते. पुढे बसलेले आपल्या डोंगराकडचे दोघं परीक्षक हसले, त्यांना लगेच कळलं. बाईंना कळेना. त्यांनी विचारलं, नंतरचे तरी पहाटेच घेतले याला साक्ष कोण. वामिंबी उभा राहिला आणि म्हणाला की कंदील माझ्या हातात होता, पण दूध काढणाऱ्या मागे बसल्या आहेत, त्यांना विचारा.

सगळी खोली माझ्याकडे वळली. मी उठले. मी म्हटलं की होय, अंधार होता, मी होते, तो होता, गायीने त्याला लाथही मारली, हवं तर त्याची मांडी बघा. मोठा हशा झाला. मग बाईंनी विचारलं की तुमच्या गोठ्याला पहिल्या आकड्यांत एवढं यश मिळालेलं, ते जाऊ द्यायला तुम्हाला वाईट नाही वाटलं? मी म्हटलं, बाई, गिर्जात उभं राहून सांगितलं होतं मी, वाईट कसं नाही वाटणार. पण उडालेलं नत्र माझ्याच शेतातून उडालं, ते उडालं नाही म्हणून मिरवत बसले तर मका कुणाचा पिवळा पडेल? बाई लिहीत राहिल्या. मला वाटलं, मी पोरीचं वाटोळं केलं.

आम्हाला बाहेर थांबवलं. दार उघडलं तेव्हा सर हसत होते, आणि पोर माझ्या गळ्यात येऊन पडली. तुझे दाजी तिथेच, विद्यापीठाच्या अंगणात, ओरडून नाचले. एका पहारेकऱ्याने हटकलं, मग तोही नाचला.

जिना उतरताना मी पुढे होते, गर्दीत एकटी पडले. मागून कुणीतरी आई म्हणून हाक मारली, पुरुषाचा आवाज. माझा हात सवयीने ओढणीकडे गेला, पाठ ताठ झाली. मग मी हात खाली घेतला आणि सगळ्यांच्या देखत वळून त्याच्याकडे बघितलं.

सगळ्यांना माझं प्रेम सांग, तुझ्यासाठी वेगळं ठेवलंय ते येऊन घेऊन जा.
तुझी,
नालियाकाताई